तुला न्यायला कोण येणार?

तक्रारीचा फोन मीच केला होता, हे आधी सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून कुणालाही वाटेल, की ही बिचारी कुठेतरी अडकली होती आणि चांगल्या लोकांनी हिला सोडवलं.

मंडीदीपला एका नमकीनच्या कारखान्यात मी पॅकिंगची लाइन सांभाळत होते. माझ्या हाताखाली बायका होत्या तसे पुरुषही होते, आणि पाकीट कमी वजनाचं निघालं तर मी दोघांनाही सारखंच झापत असे. ठेकेदाराने बरेच महिने पगार थकवला होता, सगळ्यांची आधार कार्डं स्वतःकडे ठेवून घेतली होती. तेही आम्ही सोसत होतो. पण आवारातल्या पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कामगारांना तो बाहेरून कुलूप लावू लागला, तेव्हा माझं डोकं फिरलं. मी तिथे राहत नव्हते. मिसरोदला माझी भाड्याची खोली होती, खिडकीसकट. तिथूनच मी हेल्पलाइनला फोन लावला आणि माझं नाव, मंजूषा ढोबळे, ठणकावून सांगितलं.

लेबर ऑफिसचे साहेब आले, पोलीस आले, एका संस्थेची माणसं आली. त्यांनी पुरुषांना एकीकडे उभं केलं, आम्हाला दुसरीकडे. पुरुषांना विचारलं, काम काय करत होता, पगार किती थकलाय, आता कुठे जायचंय. आम्हाला विचारलं, लग्न झालंय का, घरी कोण आहे. संध्याकाळ व्हायच्या आत पुरुष मोकळे झाले. मालकाकडून वसूल केलेला पगार त्यांच्या हातात पडला, गावी जाणाऱ्यांना तिकिटं मिळाली आणि राहणाऱ्यांची नावं फोर्कलिफ्टच्या, म्हणजे माल उचलायच्या गाडीच्या, ट्रेनिंगसाठी लिहून घेतली. मनोहर गोंदियाचा, माझ्याच लाइनवर सीलिंगचं मशीन चालवायचा. जाताना तो मला म्हणाला, "ताई, तुमच्या एका फोनानं किती लोकायचं भलं झालं पाहा!"

आमचा पगार मात्र संस्थेकडे जमा झाला. पालक आले की त्यांच्यासमोर देऊ, असं साहेब म्हणाले. मग आमच्यासाठी गाडी आली. महिलांना सुरक्षित ठिकाणी हलवायचं होतं. पोरी रडायला लागल्या. पिंकी म्हणून पांढुर्ण्याकडची एक पोरगी होती, नुकती विशीत आलेली, ती गाडीचा दरवाजा धरून उभी राहिली. "दीदी, तू पण चल ना. एक रात की तो बात है." मी चढले. मला कुणी ढकललं नाही, ओढलं नाही. माझ्या पायांनी मी त्या गाडीत चढले, आणि याचा राग मला अजून येतो.

आम्हाला नेलं ते महिला सदन अशोका गार्डन नावाच्या वस्तीत होतं. मागून रेल्वेची लाइन, पुढे दुकानं, मध्ये उंच भिंत. दारावर फोन काढून घेतला. सुरक्षेसाठी. पर्स काढून घेतली, तीही सुरक्षेसाठी. कुलूप इथेही बाहेरूनच लागत होतं. फरक एवढाच, की ठेकेदार शिव्या देऊन लावायचा आणि इथली बाई "सो जाओ बेटा" म्हणून लावायची.

आत घेताना त्यांनी नाव-गाव विचारलं आणि माझ्या गळ्याकडे बघून पुढचा प्रश्न केला, "पति कहाँ हैं?" मी सवयीने म्हटलं, "नागपूरमें. सर्विस में हैं."

ते खोटं मी इतकी वर्षं रोज बोलत होते, की तोंडातून आपोआप निघालं. नारायणला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सोडून मला सहा वर्षं झाली होती. पण मंगळसूत्र मी काढलं नव्हतं. प्रेम म्हणून नाही. ते काढलं असतं तर मिसरोदला खोली मिळाली नसती, कारखान्याच्या बसमध्ये नीट बसता आलं नसतं. नवरा नागपूरला नोकरीत आहे म्हटलं, की घरमालक पंखा दुरुस्त करून देतो. एकट्या राहणाऱ्या बाया हे सगळ्या करतात. आमच्या लाइनवरच्या तिघींचे नवरे असेच कुठे कुठे सर्विसमध्ये होते.

सदनाच्या अधीक्षिका शालिनी मॅडम मराठी निघाल्या. त्यांचे वडील फार पूर्वी पुण्याहून इथल्या सरकारी कारखान्यात बदलून आले होते. माझं आडनाव वाचून बाईंचा चेहराच उजळला. "अगं, तू आपली निघालीस की!" त्यांनी मला समोर बसवून स्वतःच्या डब्यातली साबुदाण्याची खिचडी दिली. वाईट बाई नव्हत्या. वाईट असत्या तर बरं झालं असतं, भांडायला सोपं गेलं असतं.

"मग तुला न्यायला कोण येणार?" त्यांनी विचारलं.

"मला काहून न्यायला येतील? माझी खोली आहे मिसरोदला. सिटी बस धरते अन् जाते."

त्या हसल्या. "अशी एकटी नाही गं सोडता येत. सुपुर्दगी करावी लागते. घरचं जबाबदार माणूस येतं, सही करतं, मग आम्ही त्याच्या ताब्यात देतो."

"मॅडम, मी अडतीस वर्षांची आहे. मीच जबाबदार माणूस आहे."

"वयाचा प्रश्न नाहीये."

"माझ्या हाताखालची माणसं कालच सुटली. त्यांना कुणाच्या ताब्यात दिलं?"

"पुरुषांचं वेगळं असतं." हे त्या इतक्या सहज म्हणाल्या, जसं मीठ संपलंय असं म्हणावं.

मी विचारलं, हा नियम कुठे लिहिलाय. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "लिहिलेला नाहीये कुठे. पद्धत आहे. मागे एकीला तिच्या म्हणण्यावरून एकटीला जाऊ दिलं. तिचं पुढे बरं झालं नाही. पेपरात आलं, आणि मला खुलासा द्यावा लागला. तेव्हापासून मी कुणाचं ऐकत नाही. माझी सख्खी बहीण असती तरी तिला मी असंच ठेवलं असतं." ते खरं होतं. बहिणीला त्यांनी नक्की असंच ठेवलं असतं.

दिवस तिथे जात नसत, नुसते साचत. सकाळी प्रार्थना, मग चहा, मग पुनर्वसन. पुनर्वसन म्हणजे पापड लाटणं, मेंदी काढणं आणि शिवणाच्या मशीनवर सरळ टीप घालणं. मी एका पाळीत ट्रकभर माल पॅक करून पाठवणारी बाई, मला एक मुलगी मेंदीचा कोन कसा धरायचा ते शिकवत होती. आम्हालाही ते फोर्कलिफ्टचं शिकवा की, असं मी म्हटलं, तर सगळ्या हसल्या. पिंकीसुद्धा हसली. मला ते फार लागलं.

सगळ्यात आधी पिंकीच सुटली. तिचा बाप आला. त्यानेच तिला ठेकेदाराच्या स्वाधीन केलं होतं, आगाऊ पैसे घेऊन, आणि ती हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून बसली होती. तरी त्याला खुर्ची मिळाली, पाणी मिळालं. त्याने सही केली आणि तिचा थकलेला पगार शर्टाच्या खिशात ठेवला. पिंकी माझ्याकडे न बघता त्याच्या मागून गेली. मी दारापर्यंत गेले आणि माझ्या तोंडावर दार बंद झालं.

मग मनोहर आला. त्याला आत सोडलं नाही, तेव्हा तो फाटकातूनच ओरडून बोलला, म्हणून ते सगळ्या सदनाने ऐकलं. "ताई, मी नव्या कारखान्यात लागलो. त्यायले लाइन सांभाळायले माणूस पायजे. मी तुमचं नाव सांगितलं. साहेब म्हणते सोमवारी घेऊन ये, नाही तर दुसऱ्याले देतो!"

सोमवार म्हणजे पुढच्या आठवड्यात. काम होतं, खोली होती, मला काही म्हणजे काही नको होतं कुणाकडून. फक्त हे फाटक उघडायला हवं होतं.

"मॅडमले सांगा मी भाऊ आहे तुमचा," मनोहर म्हणाला. "मी करतो सही."

शालिनी मॅडम बाहेर येऊन उभ्याच होत्या. त्यांनी त्याचं कार्ड मागितलं, आडनाव वाचलं आणि मला ऑफिसात नेलं. दार लावून हळू आवाजात विचारलं, "मंजूषा, हा तुझा कोण?"

"माझ्या मशीनवरचा माणूस."

"मग त्याला तुझी एवढी काळजी का?"

तळपायाची आग मस्तकात गेली. "मॅडम, मी त्याले मशीन शिकवली. त्याची बायको बाळंत झाली तवा मी डबे पुरवले. तुमच्या ऑफिसात कुणी कुणाची काळजी करते का नाही?"

"तू चिडू नकोस. मी तुझ्याच भल्याचं बघतेय." त्यांनी दुसऱ्या दिवसापासून माझं अंगणात जाणं बंद केलं. माझ्या भल्यासाठीच.

खरी पाचावर धारण बसली ती शुक्रवारी. मॅडम नाचतच माझ्याकडे आल्या. नाचतच म्हणते, कारण त्यांना खरोखर आनंद झाला होता. "मंजूषा, तुझ्या मिस्टरांचा पत्ता लागला! तुझ्या आधार कार्डावरच्या जुन्या पत्त्यावरून तिथल्या पोलीस चौकीला फोन केला. ते नागपूरला नाहीतच मुळी, हिंगणघाटलाच आहेत. रविवारी येतायत. म्हणाले, किती वर्षं शोधत होतो."

मी भिंतीला धरून खाली बसले. मला नारायणची भीती वाटते, हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, पण त्या बाईंना सांगितलं. त्याने माझं मनगट मोडलं होतं, दवाखान्यात मी न्हाणीघरात पडले म्हणून सांगितलं होतं. उजवा हात मी त्यांच्यापुढे धरला. तो हात अजून पूर्ण वळत नाही. मी म्हटलं, "मॅडम, तुमच्या पाया पडते. त्याच्या हाती देऊ नका."

शालिनी मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नव्हतं ते. त्या माझ्या शेजारी जमिनीवर बसल्या. "अगं, मग आधी का नाही बोललीस? इथे तर तू सांगितलंस, नवरा आहे, सर्विसमध्ये आहे."

"तसं सगळ्यायलेच सांगते."

"घटस्फोट झालाय?"

"नाही."

"मग कागदावर ते तुझे नवरेच आहेत. ते दारात आले तर मी नाही कशी म्हणू? जबाब बदलायचा तर सदनाच्या समितीपुढे जावं लागेल. समिती आता पुढच्या महिन्यात. आणि समिती पहिलं हेच विचारणार, की बाई तेव्हा खोटं बोलली का आता बोलतेय." त्या कपाळ चोळत राहिल्या. "वडील?"

"वारले."

"भाऊ?"

"नाही."

"मुलं?"

तुषारला मला यात आणायचं नव्हतं. मी नारायणला सोडलं तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. तेव्हापासून त्याला शाळेच्या हॉस्टेलात आणि पॉलिटेक्निकला लागल्यावर भाड्याच्या खोलीवर ठेवून मी वाढवलं, नागपूरला. दर रविवारी मी त्याला फोन करायची आणि कारखान्याच्या गमती सांगायची, कुणाला कसं झापलं ते सांगायची. तो हसायचा. माझ्याबद्दल त्याला जे काही वाटत होतं ते त्या फोनांवर उभं होतं.

"एक मुलगा आहे," मी शेवटी म्हटलं. "एकोणीस वर्षांचा. शिकतोय."

"एकोणीस!" मॅडमनी माझ्या पाठीवर थाप मारली. "अगं, मग झालं की काम!"

नारायणच्या आधी त्याला पोचायचं होतं. मॅडमनी फोन लावून दिला. तुषार रात्रीच्याच गाडीत बसला आणि शनिवारी सकाळी फाटकापाशी उभा राहिला, केस विस्कटलेले, डोळे लाल, खांद्याला कॉलेजची बॅग. मी धावत जायला निघाले, तर पहारेकरीण म्हणाली, "पहले साइन होगा." ऑफिसात त्याला खुर्ची दिली. मी दाराशी उभी राहिले, तिथेच उभं राहायचं असतं. तो मला बघून उठायला लागला, तर मॅडम म्हणाल्या, "बसा, बसा. तुम्ही बसा."

माझ्या पोराला त्या अहोजाहो करत होत्या. मला 'अगं' आणि त्याला 'तुम्ही'. ज्याची दाढी अजून नीट उगवलेली नाही, ज्याच्या बनियनचा आकार मला पाठ आहे, त्याला.

"तुमच्या आई एकट्या राहतात, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"त्यांना इथे भेटायला लोक येतात. पुरुष. त्याची कल्पना होती?"

तुषारने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याचे कान लाल झाले. "नाही," तो म्हणाला.

मी बोलायला तोंड उघडलं. मॅडमनी हात वर केला, रागाने नाही, नुसतं थांब म्हणून. मी थांबले. का थांबले? कारण नारायण उद्या येणार होता आणि सही अजून व्हायची होती.

मग त्यांनी कागद मोठ्याने वाचला, तुषारला नीट समजावं म्हणून थांबत थांबत. मी आईला माझ्या ताब्यात घेत आहे. तिच्या राहण्याची, खाण्याची आणि वागणुकीची जबाबदारी माझी राहील. मी तिला एकटीला कुठेही कामाला पाठवणार नाही. ती निघून गेल्यास, किंवा तिच्याबाबत पुन्हा काही घडल्यास, मी पोलिसांना व समितीला उत्तर देण्यास बांधील राहीन. इथे मॅडम त्याला म्हणाल्या, "हे नीट लक्षात घ्या हं. आम्ही चौकीला प्रत पाठवतो. ते महिन्या-महिन्याने विचारणा करतात. मागे एका मुलाची बहीण निघून गेली, तर बिचाऱ्याला कॉलेज सोडून चौकीच्या फेऱ्या माराव्या लागल्या."

त्याने सही केली. त्याची सही मी पहिल्यांदाच बघत होते.

माझा फोन, पर्स, आधार कार्ड आणि पगाराचं पाकीट मॅडमनी त्याच्या हातात दिलं. "पोच द्या," त्या त्याला म्हणाल्या. मला जवळ घेऊन त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. "किती गुणी मुलगा आहे गं तुझा. नशीबवान आहेस."

फाटक उघडलं. रस्त्यावर ऊन होतं, भाजीच्या गाड्या होत्या, कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. मला तिथेच मोठमोठ्याने हसावंसं वाटलं. मी तुषारला मिठी मारली. त्यानेही मारली, घट्ट, लहानपणी मारायचा तशी, आणि माझ्या खांद्यावर रडला.

"चल," मी म्हटलं, "आधी खोलीवर जाऊ. तुला पोळी-भाजी करून घालते. परवापासून माझं नवं काम आहे. फोन दे इकडं, मनोहरले कळवते."

त्याने बॅग पोटाशी धरली. "आई, दुपारच्या गाडीची तिकिटं काढलीत. दोन. रूमपार्टनर गावी गेलाय, तोवर माझ्याकडे राहता येईल. मग आपल्या दोघांसाठी एक खोली बघू."

"अरे, पण माझी खोली आहे. माझं काम आहे."

"मी लिहून दिलंय ना."

"कागद आहे तो, तुषार. त्यायले काय कळते?"

"ते विचारतात, आई. त्या म्हणाल्या ना, दर महिन्याला." त्याचा आवाज फाटला. "आणि मनोहर कोण आहे?"

त्याने हे दुष्टपणाने विचारलं असतं तर मी त्याच्या थोबाडीत मारली असती. पण तो घाबरलेला होता. आत त्याला जे सांगितलं, ते त्याने खरं धरलं होतं. रविवारच्या फोनवर मी त्याला मनोहरच्या किती गमती सांगितल्या होत्या, आणि आता ते नाव तो असं उच्चारत होता, की मला माझीच लाज वाटावी. वाटली नाही. पण त्याला वाटत होती, हे दिसत होतं.

एक रिक्षा थांबली. "किधर जाना है, भैया?" रिक्षावाल्याने तुषारला विचारलं.

"मिसरोद," मी म्हटलं.

रिक्षावाला माझ्याकडे वळलाच नाही. तो तुषारच्या तोंडाकडे बघत राहिला.

नारायणपासून मी एका साडीनिशी पळाले होते. ठेकेदाराला मी फोन करून घालवलं. शालिनी मॅडमशीही, वेळ मिळाला असता, तर भांडले असते. इथून मिसरोदची बस सुटते तो थांबा मला समोर दिसत होता. फोनही नको, पाकीटही नको, कंडक्टरला हात जोडून बसले असते. मला अडवायला तिथे कुणीच नव्हतं. फक्त एक पोरगं होतं, कॉलेजची बॅग पोटाशी धरून.

"मी गेली," मी त्याला विचारलं, "तर ते तुला बोलावतील?"

"हो."

"कॉलेज सोडून यावं लागेल?"

त्याने नुसती मान हलवली.

मी रिक्षात चढले. कुणी मला ढकललं नाही.

"स्टेशन," मी म्हटलं. रिक्षावाल्याने तुषारकडे पाहिलं. तुषारने हो म्हटलं, तेव्हा त्याने गाडी सुरू केली.